कानदुखीच्या मागचं कार्ड

मी एक लाकडी खोका बोलतोय. दिसायला ठोकळा, स्वभावाने कुरकुरा. पण पोटात सहाशे बारा कार्डं आहेत, म्हणून जरा भाव खातो.

माझा जन्म रुग्णालयातला. लोखंडी कपाटं आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरने मला रीतसर मागून घरी आणलं.

ड्यूटीवर काही नवं उमगलं की सिस्टर घरी येऊन चहाच्या आधी एक कार्ड लिहायची. एका कार्डावर एकच गोष्ट, आणि तीही स्वतःच्या शब्दांत. 'कान दुखणारं मूल आडवं केलं की जास्त रडतं.' मग ज्या कार्डावरून ते सुचलं, त्याच्या बरोबर मागे ते खोचायची. कानदुखीच्या मागे 'आई घाबरली की मूल दुप्पट घाबरतं', त्याच्या मागे 'आईला आधी खुर्ची द्या'. ना नंबर, ना मथळे. एक कार्ड ओढलं की पुढचं तिला आपसूक आठवायचं.

एकतीस वर्षं हेच चाललं. नव्या नर्सेससाठी यातून एक छोटं पुस्तक करायचं, एवढीच तिची इच्छा होती. "रिटायर झाले की बसते," म्हणायची. माणसं मनातली कामं अशीच पुढे ढकलतात, आणि मला त्याचा फार राग येतो.

रिटायर झाली आणि वर्षभरात तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला, शब्द निसटू लागले. लेक रजा काढून आली. ही लेक ग्रंथपाल. म्हणाली, "आई, तू सांग, मी लिहिते. आता पुस्तक करूनच टाकू." सिस्टर कितीतरी दिवसांनी हसली.

आई झोपल्यावर लेकीने मला उघडलं. "अगं बाई, काय हा पसारा!" चार दुपारी खपून तिने सगळी कार्डं अकारविल्हे लावली, रंगीत मथळे घातले. किती मायेने! मी आतल्या आत ओरडत होतो. सगळा क्रम मला पाठ होता, पण सांगणार कसा?

पाचव्या दिवशी दोघी बसल्या. सिस्टरने कानदुखीचं कार्ड वाचलं, मागचं ओढलं आणि थांबली.

"कावीळ? इथे ती आई होती ना गं?"

"कुठली आई?"

"घाबरलेली. तिच्यानंतर... तिच्यानंतर काय होतं?"

लेकीच्या हातातलं पेन खाली पडलं. "आई, मी काय करून बसले गं!" ती हमसून रडायला लागली. सिस्टरने डाव्या हाताने तिला जवळ ओढलं. "छान लावलंयस. अक्षर सुंदर आहे तुझं."

पुढच्या पाच महिन्यांत दोघींनी मिळून जुन्या क्रमातल्या कार्डांच्या सतरा जोड्या जुळवल्या. मग सिस्टर गेली.

परवा लेकीने मला उघडलं. सगळ्यात मागे, कुठल्याच मथळ्याखाली नसलेलं एक कार्ड तिला सापडलं. डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं: 'चूक कळल्यावर येतं ते रडणं. समजावू नये. जवळ घ्यावं.'

तिने कार्ड छातीशी धरलं. मग ते होतं तिथेच ठेवलं.

पोरी, तुझ्या आईचा क्रम आता परत यायचा नाही. पण त्या कार्डामागे जागा आहे. त्यावरून तुला जे सुचलं, ते लिही आणि तिथेच खोच.