ध्रुवावरची पांढरी टोपी

मंगळावरचे डाग स्वच्छ टिपले, तर केळुसकरांना आकाशमित्र मंडळाच्या अंकाचं मुखपृष्ठ मिळणार होतं. मला मिळणार होतं त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘साहाय्य’. पण टिपलेल्या प्रत्येक डागामागे आमच्या इमारतीच्या गच्चीवरची एकेक वस्तू जात होती.

पहिल्या संध्याकाळी पाण्याची काळी टाकी गेली. दुर्बिणीला जोडलेल्या स्क्रीनवर मंगळाच्या मध्यावर ती झाकणासकट उमटली. इमारतीचे नळ कोरडे पडले. “टँकर मागवू,” केळुसकर म्हणाले. ते पलीकडच्या बंगल्यात राहतात, तिथे बोअरचं पाणी येतं.

दुसऱ्या संध्याकाळी जिना गेला. तेव्हा माझी बायको कुंदा मला बोलवायला वर आली होती.

“जिना कुठाय?”

“दक्षिणेला.” केळुसकरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. “बघा वहिनी, एकूण एक पायरी आलीय.”

“मग तिकडूनच उतरायचं का, भावजी? खाली कुकर लावलाय.”

आता फक्त ध्रुवावरची बर्फाची पांढरी टोपी टिपायची राहिली होती. गच्चीवर पांढरं फारसं काही नव्हतं. केळुसकरांना टक्कल आहे. मी केस रंगवतो. कुंदाने कधी रंगवले नाहीत.

हे लक्षात आलं आणि माझे पाय लटपटायला लागले. त्यांच्याबरोबर मी धरलेली दुर्बिणीची तिवईही.

“जरा लांब व्हा,” केळुसकर म्हणाले. “दोन हजार फ्रेम घ्यायच्यात. हललेल्या फेकायच्या, स्थिर तेवढ्या एकीवर एक रचायच्या. जे हलतं ते फोटोत येत नाही.”

मी लांब झालो. थरथर थांबवायचा प्रयत्न मात्र सोडून दिला.

“वहिनी, तुम्ही धरता का तिवई? तुमचा हात स्थिर आहे.”

“कुंदा, धरू नकोस,” मी म्हणालो.

“तुम्ही आधी धड उभे राहा,” ती म्हणाली. “एकदाचा होऊ दे यांचा फोटो.” तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी तिवई धरली. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. चारही पावलं माझ्याकडेच राहिली.

केळुसकरांनी बटण दाबलं.

तिवई आता कुणी न धरता उभी होती. स्क्रीनवर ध्रुवाची टोपी लख्ख आली होती, मधोमध भांग पाडलेली.

केळुसकर फ्रेमा निवडायला बसले. एक हजार नऊशे चाळीस स्थिर निघाल्या. साठ हललेल्या होत्या. त्या साठांत ती हात हलवून मला बोलवत होती.

केळुसकरांनी त्या काढून टाकल्या.