दुसरी उसळी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे मोठ्या पडद्यावर खिळलेले. बाबांनी म्हातारीचा हात पडद्याला जोडलेल्या खोक्यावर ठेवला, चेल्याने बटण दाबलं. हिरव्या रेषेवर एक उसळी उठली आणि जराशा अंतरावर दुसरी, बुटकी.

"पहिली तू, माई," बाबा गहिवरले. गहिवर त्यांना हुकमी यायचा. "दुसरी तुझी गेलेली धाकटी लेक. आता मंतरलेली तार लावतो."

व्यासपीठावर काळ्या केबलची दोन वेटोळी होती, एक त्या खोक्याला जोडलेलं. सर्वांसमक्ष मोजलेली, सारख्याच लांबीची. चेल्याने केबल बदलली आणि दुसरी उसळी पहिलीकडे सरकली.

"आली! जवळ आली!" लोक रडू लागले.

"औषधाचं विष सोडलंस, म्हणून आली. दोन्ही एक झाल्या, की तुला न्यायलाच येईल बघ."

म्हातारीच्या थोरल्या लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तंत्रशाळेत ती हेच तर शिकवायची. इकडे आईने हृदयाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पाय सुजलेले, चार पावलं टाकली की धाप. थोरली पिशवीतली पक्कड काढून तडक व्यासपीठावर चढली.

"अहो बाई, पाप लागेल!" चेला ओरडला.

"लागू दे."

तिने दोन्ही केबलच्या मोकळ्या टोकांचे तुकडे कापून पुढच्या रांगेत दिले. "दाबून बघा. आतली तार सारखीच आहे. तिच्याभोवतीचं प्लास्टिक बघा. साध्या केबलमध्ये टणक, भरीव. मंतरलेलीत फेसासारखं, हवेच्या बुडबुड्यांचं. त्यातून सिग्नल लवकर पोचतो. मोकळ्या टोकावर आपटून परत येतो, तीच ही दुसरी उसळी. लवकर परतला, म्हणून जवळ दिसली. धाकटी नाही."

"थापा!" बाबा गरजले. गहिवर कुठल्या कुठे पळाला होता.

थोरलीने शाळेतून आणलेला बारकासा रोधक केबलच्या टोकाला जोडला. "आता सिग्नल इथंच जिरेल, परतणार नाही." तिने स्वतःच बटण दाबलं.

पडद्यावर एकच उसळी उठली. पुढे सपाट रेष.

आई त्या सपाट रेषेकडे बघत राहिली. "पुन्हा मारलंस तिला," ती म्हणाली.

थोरली डोळे पुसून लोकांकडे वळली. "चमत्कार दिसला, की आधी उघडून बघा. उघडू देत नसतील तर उठून घरी जा. आणि औषध सोडायला सांगणाऱ्याला तर उंबऱ्यावरही उभं करू नका."

मग ती आईपाशी बसली. तिच्या तळहातावर गोळी ठेवली. "आई, धाकटी गेली. मी आहे ना गं?"

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने फक्त पाणी मागितलं.