वजाबाकीवरचा आळ

"नववं प्रकरण मी वाचणार नाही," मी अवधूतच्या कानाशी लागून म्हटलं.

"मॅडम, पत्रिकेत तेच छापलंय. फेसबुकवर पण तेच टाकलंय. लोक त्याच्यासाठी आलेत."

लोक म्हणजे सतरा. नारायण पेठेतल्या त्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या चाळीस, आणि भरलेल्यांपैकी दोन माझ्या घरच्यांनीच अडवल्या होत्या. अवधूत माझा प्रकाशक. आजवर त्यानं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढली, विनोदी पुस्तक त्याचंही पहिलंच. त्यामुळे आम्ही दोघंही सकाळपासून घाबरलेले होतो, पण आत्ताचं माझं घाबरणं निराळं होतं. त्याचं कारण दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसलं होतं. पांढरा सदरा, खिशाला पेन्सिल, मांडीवर माझं पुस्तक. पुस्तकातून खुणेचे कपटे बाहेर डोकावत होते, निदान सात-आठ तरी.

आगाशेकाका. दिगंबर आगाशे, कसबा पेठ, गणिताचे निवृत्त शिक्षक. माझ्या नवव्या प्रकरणातला नवरा.

मी काही लेखिका नव्हे. अठ्ठावीस वर्षं मी लोकांचं रक्त काढते. सकाळी घरोघरी जाऊन, मग दिवसभर लॅबमध्ये. सुई बघितली की भलेभले हात आखडून घेतात, शीर सापडत नाही. अशा वेळी "घाबरू नका" म्हणण्याचा काही उपयोग नसतो. मी मांजरांच्या गोष्टी सांगायला लागले. ज्या घरी रक्त घ्यायला जायची तिथलीच मांजरं, दुसऱ्या घरी जाऊन सांगायची. गोष्ट रंगात आली की हात सैल पडतो आणि तेवढ्यात माझं काम होतं. लोक म्हणाले, कल्याणीबाई, हे लिहा. लिहिलं. 'मांजर आडवं आलं आणि तिथंच बसलं' असं नाव ठेवलं. छापून हातात आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आजवर माझ्या गोष्टींना जे कोणी हसले ते सगळे भ्यालेले होते. सुई न टोचता या गोष्टींना हसू येतं का, हे कुणी तपासलंच नव्हतं.

मागच्या रविवारी तपासून बघितलं. वारज्यात आमच्या घराजवळच्या बागेत हास्यसंघ भरतो, त्यांनी मोठ्या प्रेमानं बोलावलं. मी नमस्कार म्हटलं, ते दोन्ही हात वर करून तीन टप्प्यांत हसले. मी माझं नाव सांगितलं, पुन्हा तीन टप्पे. अर्धा तास मी वाचलं आणि अर्धा तास ते हसले. शेवटी एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, "छान झालं हो. पण पुस्तक कशावर आहे?"

तर ते नववं प्रकरण. आगाशेकाकूंना, म्हणजे श्यामलाकाकूंना मधुमेह होता आणि हृदयही थकलं होतं. शेवटची दोन वर्षं मी दर पंधरा दिवसांनी सकाळी सातला त्यांच्याकडे जायचे. साखर बंद, तूप बंद, साय तर मुळीच नाही. काकांनी पथ्याचा तक्ता करून भिंतीला लावला होता आणि राखणीला स्वतः उभे होते. तरी त्या घरात दुधावरची साय रोज नाहीशी व्हायची. काका मांजरीच्या नावानं शंख करायचे. मांजरीचं नाव वजाबाकी. काकांनीच ठेवलेलं, कारण ती घरात शिरली की जे असेल ते कमी होतं. मी रक्त घेत असायचे आणि स्वयंपाकघरातून काकांचा आवाज यायचा, "वजाबाकी, आज पुन्हा? लाज कशी वाटत नाही?" आणि ती पलंगाखाली बसून मिशा साफ करत असायची.

एकदा काकू दंड पुढे करून हळूच म्हणाल्या, "अगं, साय मी खाते. वर चमचाभर साखर घालून." आणि अशा हसल्या की सुई सांभाळताना माझी तारांबळ उडाली. मीही हसले. कुणाला बोलले मात्र नाही. डॉक्टरांना नाही, काकांना नाही. रिपोर्टात साखर चढलेली यायची, काका कागदाकडे आणि मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहायचे, आणि मी पेटी बंद करून जिना उतरायचे. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

पुस्तकात मी माणसांची नावं बदलली. श्यामलाकाकूंची वत्सलाबाई केली, कसब्याचं सदाशिव केलं, गणिताच्या मास्तरांना पोस्टात नोकरीला लावलं. मांजरीचं नाव तेवढं तसंच ठेवलं, ते बदलवेना. आता पुण्यात वजाबाकी नावाची मांजर असून असून असणार किती?

'तुम्ही तेव्हाच बोलला असतात तर?' असं काकांनी भर सभेत विचारलं तर मी काय सांगणार होते? हा प्रश्न लिहिताना मलाही पडला होता. पण प्रकरण इतकं छान जमत होतं की मी त्याला बाजूला बसवलं आणि पुढे लिहीत गेले. आता तो दुसऱ्या रांगेत येऊन बसला होता.

मी चौथं प्रकरण वाचलं. इस्त्रीवाल्याच्या बोक्याचं. लोकांनी मंद स्मित केलं, पुण्यात ते पुष्कळ झालं. एक बाई चक्क मोठ्यानं हसल्या आणि मग आजूबाजूला बघून गप्प झाल्या. मी पाणी प्यायले, पुस्तक मिटलं आणि आभाराचं वाक्य तोंडात घेतलं, तोच दुसऱ्या रांगेत हात वर झाला.

"पत्रिकेत नववं प्रकरण आहे."

"हो, पण वेळेचं जरा..."

"सहा बावन्न झालेत. सभागृह आपल्याला साडेसातपर्यंत आहे, मी खाली विचारून आलोय," आगाशेकाका म्हणाले. "पान एकसष्ट."

वाचलं. दुसरं करणार काय? पहिल्या पानाला माझा आवाज चिरकत होता. मग काकांचं ओरडणं आलं, पलंगाखालची वजाबाकी आली, आणि लोक हसायला लागले. खरंखुरं, कुणी हात वर न करता. एरवी त्या हसण्यासाठी मी वारज्याहून चालत आले असते. काका पेन्सिलीचं टोक ओळीखाली धरून माझ्याबरोबर वाचत होते. वत्सलाबाईंच्या 'ह्यांना पत्ताच नाही' या वाक्याशी पेन्सिल थांबली. ते हसले नाहीत.

नंतर सह्या झाल्या, फोटो झाले. काका रांगेत सगळ्यांना पुढे जाऊ देत शेवटी टेबलाशी आले. मी उठून उभी राहिले.

"काका, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"हवं होतं," ते म्हणाले. "बसा. या खुणा बघून घाबरू नका, त्या छपाईच्या चुका आहेत. तुमच्या प्रकाशकांना वेगळी यादी करून देईन. माझं काम पान त्रेसष्टशी आहे. तुम्ही लिहिलंय, साय वरच्या फळीवर असायची आणि वत्सलाबाई स्टुलावर चढून काढायच्या."

"काकूंनीच सांगितलं होतं तसं."

"ते सुरुवातीचं. शेवटच्या वर्षी तिला वॉकर लागला. वॉकर घेऊन माणूस स्टुलावर चढतो का? आणि साय तर रोज जातच होती. हे कसं, असं तुमच्या मनात आलं नाही?"

नव्हतं आलं.

"मी ती खाली ठेवायला लागलो," काका म्हणाले. "आधी मधल्या फळीवर. दिवाळीनंतर ओट्यावर. शेवटी शेवटी तर तिच्या पलंगाशेजारच्या टेबलावर वाटी विसरून बाजारात जायचो. परत आलो की मांजरीवर ओरडायचं."

मला एक-एक फळी उतरत ते कळत गेलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"बाई, चौतीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गावर उभा राहिलोय. कॉपी करणारा मला पाठमोराही ओळखू येतो."

"आणि पथ्य?"

त्यांनी मागे बघितलं. अवधूत पलीकडे उरलेली पुस्तकं खोक्यात भरत होता. "डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता थोडे महिने आहेत, मागतील ते खाऊ द्या. बोलायला सोपं आहे. ज्या माणसानं अकरा वर्षं साखरेचा डबा लपवून ठेवला तो एके दिवशी म्हणतो, खा गं साय. आपले दिवस भरले, हे ती ओळखल्यावाचून राहिली असती का? म्हणून तक्ता तसाच ठेवला. चोरी तेवढी सोपी करून दिली."

मला हायसं वाटलं. तीन वर्षं मी स्वतःलाही नीट न सांगता जे पोटात बाळगून होते, ते गेलं. माझ्या गप्प बसण्यानं काकूंचं काही बिघडलं नव्हतं. लगोलग लाजही वाटली, कारण समोरचा माणूस आपल्या मेलेल्या बायकोबद्दल बोलत होता आणि मी माझी सुटका साजरी करत होते.

"आता माझं विचारायचं," काका म्हणाले. "त्यासाठीच आलो. हे वाक्य, ह्यांना पत्ताच नाही. हे तुम्ही लोकांना हसवायला घातलंत, की ती बोलली होती?"

"बोलल्या होत्या."

"कधी? स्टुलाच्या वेळी, की नंतर?"

"नंतर," मी म्हटलं. "मी शेवटची आले होते तेव्हा. संक्रांतीच्या आधी. दंडावर शीर मिळेना म्हणून मनगटातून रक्त घेतलं, त्यामुळे पक्कं लक्षात आहे. म्हणाल्या, हल्ली वाटी कुठंही ठेवून विसरतात बिचारे, वय झालं. अजून पत्ता नाही ह्यांना. बरी झाले की सांगणार आहे एकदा, चेहरा बघायचाय."

"बरी झाले की. असं म्हणाली?"

"हो."

"हेच शब्द?"

"हेच."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी हे रचलं नव्हतं. तसंच झालं होतं. हे पुढचं बोलणं पुस्तकात घातलं नाही, कारण ते लिहायला बसले की मला हसू येईना.

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. "तीन वर्षं मी धरून चाललो होतो की तिनं ओळखलं असणार. मला कधी खोटं बोलता आलं नाही, शाळेच्या गॅदरिंगला झाडसुद्धा धड झालो नव्हतो." त्यांनी चष्मा घातला. "म्हणजे जमलं म्हणायचं."

"जमलं, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. मग पुन्हा तेच म्हणाले, "बरं झालं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "वजाबाकी कशी आहे?"

"आहे की. म्हातारी झाली. तिनं फुकटची बोलणी खाल्ली हो. ही गेल्यावर मला वाईट वाटायला लागलं, म्हणून रोज बशीत साय काढून देतो तिला."

"मग खूश असेल."

"कसली खूश? वास घेते आणि निघून जाते. साय आवडतच नाही तिला." ते पेन्सिल खिशाला लावत म्हणाले, "मग मी खातो. आणि तिच्यावर ओरडतो. घरात काही आवाज नको का?"

पुस्तक काखेत धरून, कठड्याचा आधार घेत ते जिना उतरले. अवधूत धावत आला. "मॅडम, त्या काकांना आवडलं का? एक छोटा व्हिडिओ घेऊ?"

"राहू दे," मी म्हटलं आणि खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडे डेअरीपुढे चार-पाच माणसं होती, काका त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. पाळी आल्यावर त्यांनी म्हशीच्या दुधाच्या पिशव्यांकडे हात केला, मग एक बोट वर केलं.