माझ्यावरून पुसलेली ओळ

मित्रांनो, मी तिठ्यावरचा एक जुना पत्रा आहे. सायखेड्याच्या पुढे, गोदावरीच्या काठाने आत वळलात की जिथे तीन रस्ते भेटतात आणि तिन्हीकडून आलेला माणूस गोंधळतो, तिथे मी दोन लोखंडी पायांवर उभा आहे. लोक मला बोर्ड म्हणतात. मूळचा मी ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीचा. टाकी गळायला लागली तेव्हा तिचा धड राहिलेला भाग वेल्डरने कापून काढला, तोच मी. माझी कहाणी मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही. मला लाज वाटते आहे, आणि ती पोटात ठेवून उभे राहणे आता जड जाते.

मला रंगवले चंदर पेंटरने. गावातल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची नावे, लग्नघराच्या भिंतीवरचे गणपती, सगळे त्याच्याच हातचे. आधी तांबडा हात, मग दोनदा पांढरा, मग दोरीने आखलेल्या रेघा आणि त्यांवर निळी अक्षरे: ‘आमचे गाव, पाहण्यासारखी ठिकाणे’. खाली चार ओळी. महादेवाचे जुने मंदिर, पायऱ्यांची बारव, नदीचा घाट आणि दगडी चर्च. प्रत्येकीपुढे एक बाण. शेवटचा बाण ओढून झाल्यावर चंदर मागे सरकला, डोळे बारीक करून त्याने मला न्याहाळले आणि म्हणाला, “जमलं.” माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी.

माझे सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. नाशिकहून रविवारी गाड्या यायच्या, माणसे उतरून माझ्यापुढे उभी राहायची आणि बाणाकडे पाहून निघायची. अंगणवाडीतली पोरे माझ्यावर बोट ठेवून ‘ब’ बारवेचा शिकली. वाईट दिवसही आले. आमच्याकडे कुणाचाही वाढदिवस आला की तिठ्यावर फ्लेक्स लागतो, आणि तिठ्यावर उभा मीच. मग आठवडाभर माझ्या तोंडावर कुणा भावी सरपंचाचा गॉगल लावलेला चेहरा. पाहुणे त्यालाच पाहण्यासारखे ठिकाण समजले असतील तर देव जाणे.

त्या दगडी चर्चची किल्ली सुगंधाबाईंकडे असे. गावात ख्रिस्ती घरे मोजकीच, त्यांतले एक त्यांचे. पण दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिथे हंगामाचा सण होई, तेव्हा सारे गाव तिकडे लोटे. ज्याच्या शेतात जे पहिले निघेल ते वेदीपुढे नेऊन ठेवायचे: मेथीच्या जुड्या, भोपळे, बाजरीची कणसे, एखादी कोंबडीसुद्धा. प्रार्थना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. एका साध्या भोपळ्यासाठी दोन शेजारी असे हट्टाला पेटत की पाहणाऱ्यांची करमणूक होई आणि चर्चच्या कौलांची डागडुजी होई. चंदर दरवर्षी आपल्या वाफ्यातली पहिली वांगी घेऊन जायचा आणि येताना दुसऱ्याचा भोपळा खांद्यावर घेऊन यायचा.

पुढे आमच्या शिवारात द्राक्षांबरोबर वाइनही आली. बागेच्या कडेला कारखाना झाला, त्याच्या आवारात वाइन चाखायची खोली, बसायला बाकडी. माझा तिच्यावर राग नाही. महादेवाच्या दर्शनाला आलेला माणूसही काच खाली करून आधी हळूच विचारतो, “ते वाइनचं कुठे आहे हो?” त्याला वाट दाखवायला कुणीतरी हवेच.

तिथला मॅनेजर राकेश एक दिवस ग्रामपंचायतीत आला. तोवर माझ्या रंगाचे पोपडे सुटले होते. “बोर्ड आम्ही नवा करून देतो,” तो म्हणाला, “फक्त आमचं नाव मोठं पाहिजे. लांबून दिसायला हवं.” चार माणसे माझ्या पायाशी जमली. चंदरने दोरी लावून पाहिली. नाव एवढे मोठे घ्यायचे तर बाकीच्या चारांतली एक ओळ गाळावी लागणार होती.

महादेवाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. बारवेतला गाळ गावाने नुकताच काढला होता. घाटावर दशक्रियेला लांबून लोक येतात. मग सगळे चौथ्या ओळीकडे पाहू लागले.

“चर्च बघायला बाहेरचं कोण येतंय?” सरपंच छायाताई म्हणाल्या. “अन् आपल्या लोकांना वाट माहीत हाये की.”

“सुगंधाबाईंना इचारायचं का एकदा?” चंदर म्हणाला.

“त्यात काय इचारायचं? त्या काय नाय म्हणणार हायेत का?”

खरेच होते ते. त्या नाही म्हणाल्या नसत्या. म्हणूनच कुणी विचारायला गेले नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हते, मित्रांनो, आणि हेच मला जास्त लागते.

चंदरने मला पॉलिश पेपरने घासले. चौथ्या ओळीपाशी त्याचा हात रेंगाळला, पण थांबला नाही. इतकी वर्षे माझ्या अंगावर असलेली ती निळी अक्षरे भुकटी होऊन गवतात पडली. मग मी असा झळकलो की लोक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढू लागले. “काय बोर्ड झालाय,” म्हणू लागले. मला मात्र स्वतःचे तोंड नकोसे झाले होते. माणसाला निदान मान खाली घालता येते. माझे पाय सिमेंटात, तोंड रस्त्याकडे. सुगंधाबाई रोज दुधाची किटली घेऊन माझ्यापुढून जात. त्यांनी कधी वर पाहिले नाही. घरची वाट कुणी बोर्डावर वाचत नाही.

सणाचा रविवार आला. लोक पिशव्या, टोपल्या घेऊन चर्चकडे निघाले. चंदरही निघाला होता, पण तो माझ्यासमोरच्या चहाच्या टपरीवरच बसून राहिला. वांग्यांची पिशवी पायाशी, आणि चहावर चहा चालू. पाय पुढे पडत नव्हते. का ते मला कळत होते.

तेवढ्यात एक गाडी थांबली. तीतून काठी टेकत एक आजोबा उतरले. त्यांचे नाव शांतवनराव. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, हे मला पुढे त्यांच्या बोलण्यातून कळले. बरोबर त्यांची नात, तेजल. आजोबांनी माझ्यावरून बोट फिरवत एकेक ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“काय झालं, आजोबा?”

“चर्च नाहीये गं यात. माझा बाप्तिस्मा इथलाच. आईची मातीसुद्धा इथेच झाली.” त्यांचे बोट मोठ्या अक्षरांपाशी येऊन थांबले. “पाडलं असणार. कुणी कळवलंही नाही.”

“थांबा ना, फोनवर शोधते.”

“फोनवर काय शोधायचं, तेजल? गावच सांगतंय, नाही म्हणून.”

मित्रांनो, गळक्या टाकीचा पत्रा होतो मी. भंगारात गेलो असतो तर निदान खोटे बोललो नसतो. ज्याने लहानपण इथे काढले त्याला मी माझ्या कोऱ्या करकरीत तोंडाने दारातून परत पाठवत होतो. चंदर टपरीवर सगळे ऐकत होता. तो अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

आजोबांनी गाडीच्या दाराला हात घातला, तोच सुगंधाबाई आल्या. हातात वेदीसाठी झेंडूच्या माळा. “कुठं निघालात, बाबा?”

“चर्च बघायला आलो होतो. पाडलं ना ते?”

“पाडलं? आता घंटा होईल की. कोण म्हणलं पाडलं?”

आजोबांनी काठीने मला दाखवले. सुगंधाबाईंनी वर पाहिले. एकेक ओळ वाचली. मोठी अक्षरे वाचली. मग त्यांची नजर टपरीकडे गेली, अर्धवट उभ्या राहिलेल्या चंदरकडे. आता या काय बोलतील, या धास्तीने मी कधी नव्हे इतका ताठ उभा होतो.

“रंग उडाला असंल,” त्या म्हणाल्या. “उन्हानं उडतो बघा. आमचा पेंटर भला माणूस हाये, घालील परत. चला, सण हाये आज.”

माझ्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. तेजलने माझ्याकडे नीट पाहिले आणि आजोबांचा हात धरला. सुगंधाबाई दोन पावले गेल्या आणि वळल्या. “चंदरभाऊ, वांगी आणलीत ना? चला की मग, उशीर झाला.”

चंदर पिशवी उचलून सगळ्यांच्या मागून गेला. त्या बाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी खणखणलो असतो आणि विसरूनही गेलो असतो. त्यांनी आम्हा दोघांनाही सांभाळून घेतले. ते विसरता येत नाही.

सोमवारी सकाळी चंदर छोटा डबा घेऊन आला. कुणाला विचारले नाही. बारव आणि घाट यांच्यामधल्या बोटभर जागेत त्याने बारीक अक्षरांत ‘दगडी चर्च’ लिहिले आणि पुढे बाण काढला. रंग ओला असतानाच राकेशची गाडी थांबली.

“अहो पेंटर, हे मध्येच काय घुसवलं? सगळा लुक गेला. पुसून टाका.”

चंदरने ब्रश फडक्याला पुसला. “पुसतो ना, साहेब. फक्त एक करा. ते समोर सुगंधाबाईंचं घर. त्यांना जाऊन सांगून या, की तुमची ओळ काढतोय. त्या नाय म्हणणार नाहीत. तुम्ही सांगून आलात की लगेच पुसतो. मला नाय जमलं ते.”

राकेशने तिकडे पाहिले. सुगंधाबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्याने गाडीचे दार उघडले, एक पाय खाली ठेवला आणि तसाच बसून राहिला.

“राहू द्या मग,” तो म्हणाला आणि निघून गेला.

ती ओळ अजून माझ्या अंगावर आहे. पूर्वी ऐटीत असायची, आता अंग चोरून उभी असते. तिच्याकडे पाहिले की मला अजून ओशाळायला होते. मित्रांनो, माझ्यावर फ्लेक्स बांधू नका, दगड मारू नका, हे तर मी सांगणारच. पण एवढे आणखी ऐका. कुणाचे नाव पुसायची वेळ आलीच, तर आधी त्याच्या दारात जा आणि तोंडाने तसे सांगा. शब्द फुटला नाही, तर परत या आणि ब्रश धुऊन ठेवा.