दर्या म्हणजे मावळत

परवान्यावर नाव माझं होतं, रुकय्या खैरुद्दीन. तरी अब्बांनी रत्नागिरीला माझ्या भावाला, हनीफभाईला फोन लावून सांगितलं काय? "जावयाबरोबर शिकारीला चाललोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावई, म्हणजे माझा नवरा अक्रम. त्याला कोंबडी कापतानाही कुणी बघू नये. बिचारा सोफ्यावर मान खाली घालून चहा पीत होता.

आम्ही आखातात, रुवैसला राहतो. अक्रम रिफायनरीत मेन्टेनन्सला आहे. मी कॉलनीतल्या बायकांच्या क्लबात धनुष्यबाण शिकले. आधी वजन कमी करायला म्हणून गेले, मग त्यातच रमले. आमच्या ओळखीच्या एका अरबाबचं, म्हणजे इथल्या बड्या शेठचं, समोरच्या दर्यात एक बेट आहे. त्याच्या वडिलांनी कधीकाळी हिंदुस्थानातून चितळं आणून सोडली, आणि आता ती इतकी वाढलीत की चारा पुरत नाही. म्हणून सरकारी परवानगी काढून दर वर्षी थोडी कमी करतात. पण अरबाबचा हट्ट असा की शिकार जुन्या पद्धतीनंच व्हायची. साधं लाकडी धनुष्य घ्यायचं. बंदूक, दुर्बीण, जनरेटर यातलं काही न्यायचं नाही. माणशी एक चितळ, तेही रमजानच्या आधी. यंदा क्लबातून माझा नंबर लागला.

अब्बा आमच्याकडे आले ते अम्मी गेल्यावर. हनीफभाईनं विमानात बसवलं आणि मी एअरपोर्टवरून आणलं. तेव्हापासून सोफा आणि ते. जेवायला बोलावलं तर भूक नाही. माझी एमान शाळेतून आली की विचारायची, "नाना, हाऊ आर यू?" त्यावरही नुसती मान हलायची. ज्या माणसाच्या आवाजानं अख्खी वाडी जागी व्हायची, त्याचा आवाज आमच्या घरात ऐकू येईना. एक एक करून सगळं सोडत चाललेत, हे मला दिसत होतं आणि माझा जीव खालीवर होत होता.

अब्बा पंचक्रोशीतले नावाजलेले शिकारी. बंदी आली तशी बंदूक जमा केली, पण त्याआधी भेकरं आणली, ससे आणले. हनीफभाईला नेत, चुलतभावांना नेत. मी हट्ट केला की म्हणत, "पोरींचं काम काय तिथं? तू मसाला वाटून ठेव." आणि मी वाटत असे. रागानं असा वाटायचे की पाट्याला खळगा पडला असेल.

परवाना आला त्या दिवशी मी तो मुद्दाम त्यांच्यासमोर टेबलावर टाकला. अब्बांनी चष्मा लावला, वाचला. मग विचारलं, पाणी कुठं आहे त्या बेटावर? झालं. दुसऱ्या दिवसापासून घरात पोलीस ठाणं सुरू. मला सुवासिक साबण बंद, अक्रमला अत्तर बंद, स्वयंपाकघरात सुका जवळा बंद, कारण कपड्यांना वास लागतो. बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत जुन्या कपड्यांनी भरलेलं तांदळाचं पोतं ठेवलं आणि मी बाण मारायचे, अब्बा खुर्चीवर बसून नावं ठेवायचे. कोपर पडतंय. श्वास कशाला धरतेस, पाण्यात बुडतेयस का? मी उलट बोलायचे. पण रात्री दोन भाकऱ्या खाऊन वर "आणि मासळी आहे का" म्हणाले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पहिल्यांदा बेट बघायला गेलो त्या शनिवारी हवेत नुसती धूळ होती. सूर्य म्हणजे वर कुठंतरी पांढरा डाग. अरबाबच्या बोटीनं अलीकडच्या धक्क्यावर उतरलो आणि त्याच्या जीपनं बेट ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला गेलो. तिथं गाफची झाडं आहेत आणि चितळांसाठी बांधलेला पाण्याचा हौद आहे. मागं खडकाळ टेकाड आणि पुढं उघडा दर्या. अब्बा जीपमधून उतरले ते गुडघेदुखी विसरूनच. लेंडी उचलून बोटांत मोडली, म्हणाले आजची आहे. गाफच्या खोडावर शिंगं घासल्याच्या खुणा दाखवल्या. खुरांच्या मागावर वाकून चालत गेले आणि सांगितलं की कळप पहाटे उजव्या अंगानं, किनाऱ्याकिनाऱ्यानं हौदावर येतो. सगळं बरोबर. अरबाबचा माणूससुद्धा हेच म्हणाला होता.

मग वजू करून अब्बांनी नमाजासाठी मुसल्ला अंथरला, सरळ दर्याकडे तोंड करून.

आमच्या गावात दर्या मावळतीला आणि मक्काही मावळतीलाच. दर्याकडे तोंड केलं की नमाजाची दिशा आपोआप लागते, कुणी विचारत बसत नाही. पण इथला दर्या उत्तरेला आहे. घरात अक्रम मुसल्ला अंथरून देतो, म्हणून हा प्रश्न कधी आलाच नव्हता. अक्रमनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की उघडलेलं तोंड त्यानं तसंच मिटलं.

नमाजानंतर अब्बांनी आडोशाची जागा ठरवली. हौदाच्या मागं, दर्याकडे तोंड करून बसायचं. म्हणाले, "दर्या म्हणजे मावळत. उगवतीचं ऊन तुझ्या पाठीवर पडेल आणि चितळाच्या डोळ्यांत जाईल. त्याला तू दिसायची नाहीस." हिशोब चोख होता, पण आमच्या गावासाठी. इथं उगवत उजव्या हाताला, आणि कळपही उजवीकडूनच यायचा. म्हणजे पहाटे सगळं ऊन माझ्याच डोळ्यांत. आणि बाण एकदाच सुटतो.

मी मूग गिळून गप्प बसले. परतताना बोटीत अक्रम हळूच म्हणाला, सांग ना त्यांना. मी म्हटलं, एक चितळ गेलं तर गेलं. अब्बा उठून चालायला लागलेत, मला तेवढं पुरे आहे. असं म्हटलं खरं, पण मनातून मी चरफडत होते. आयुष्यात एकदा त्यांच्यासमोर शिकार करायला मिळणार होती, आणि त्यांच्याच चुकीनं ती हुकणार होती.

पुढच्या शनिवारी आडोसा बांधायला गेलो, मी आणि अब्बा दोघंच. अक्रमची शिफ्ट होती. आभाळ लख्ख होतं, पण गाफच्या सावलीत खाली मान घालून आम्ही दुपारभर खजुराच्या झावळ्या बांधत होतो. अब्बांचा हात अजून असा चालतो की मलाच दम लागला. काम झालं तशी त्यांनी पाठ सरळ केली, टोपी काढून घाम पुसला आणि मावळता सूर्य बघायला दर्याकडे वळले.

दर्यावर सूर्य नव्हताच. तो डावीकडे, वाळूच्या पट्ट्यावर टेकत होता.

अब्बा बराच वेळ बघत राहिले. आधी सूर्याकडे, मग दर्याकडे, मग आमच्या आडोशाकडे. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा सोफ्यावर जाऊन पडणार आणि कायमचा पडणार. मला खरंच रडू आलं.

त्यांनी मुसल्ला उचलला, सूर्य बुडाला त्या बाजूला फिरवला आणि मगरिबची नमाज पढली. दुआ मागून झाल्यावर तिथंच बसून माझ्याकडे न बघता विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"हो, अब्बा."

"त्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? एरवी तर तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा."

मी सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही अम्मीनंतर पहिल्यांदा उठलात, चाललात, भाकरी मागून खाल्लीत. मी चूक काढली असती आणि तुम्ही पुन्हा निजला असतात तर? मला चितळ नको, मला तुम्ही हवे आहात.

अब्बा चिडले. खूप दिवसांनी चिडले, अगदी पूर्वीसारखे.

"शिकारीनं तोंड मिटायचं ते सावजासमोर, जोडीदारासमोर नाही. तू गप्प राहिलीस तर मी कुणाच्या डोळ्यांनी बघू?"

जोडीदार हा शब्द त्यांनी हनीफभाईसाठी वापरलेला मी ऐकला होता, दाराआडून.

"आणि ती नमाज?" मी विचारलं. "धुळीत पढलेली?"

"ती अल्ला समजून घेईल," अब्बा गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "चितळ नाही घेणार. चल, दाखव कुठं बसायचं."

मी जागा दाखवली, हौदाच्या उजवीकडे, उगवतीला पाठ करून. कळपाला मागून पुढं जाऊ द्यायचं आणि पाण्याला वाकला की बाण सोडायचा. अब्बांनी चिमटीतून वाळू सोडून वारा बघितला, मला दोन पावलं टेकाडाकडे सरकवलं आणि मान हलवली. संधिप्रकाशात आम्ही सगळ्या झावळ्या सोडून पुन्हा बांधल्या. जीपवाला निघायच्या घाईनं लांबून "यल्ला, यल्ला" करत होता, त्याला अब्बांनी मराठीतूनच गप्प केलं.

बोटीत बसल्यावर फोनला रेंज आली. लगेच वाजला, हनीफभाईचाच होता. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून अब्बा ओरडून बोलत होते, सगळी बोट ऐकत होती. तयारी झाली म्हणाले, पुढच्या शनिवारी पहाटे शिकार. तिकडून भाईनं काय विचारलं ते मला कळलं नाही, पण उत्तर कळलं.

"अक्रम कशाला? रुकय्या बसणार आहे. मी मसाला वाटीन."

मी दर्याकडे तोंड फिरवलं. म्हणजे उत्तरेकडे.