अख्ख्या भोपळ्याचा रविवार

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. आमच्या घरातली आजी मला तिच्या मालवणीत आडाळो म्हणते. विळ्या स्वभावानं गरीब असतात, पाट पायाखाली दाबला की निमूट चिरतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते विसरा. माझा एकदा घोर अपमान झाला होता. त्याचा मी बदला घेतला. तो कसा घेतला हे सांगताना मला आजही फार गोड वाटतं.

माझा जन्म लालबागचा. ट्रकची मोडकी कमान तापवून बुधाजी लोहारानं माझं पातं ठोकलं. पाट फणसाच्या लाकडाचा. तो गणपतनं कणकवलीहून येताना बोचक्यात बांधून आणला होता. गणपत गिरणीत कामाला होता आणि त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव अंबिका. बुधाजीनं माझ्या टोकाला नारळ खवायचे दाते पाडले, धार काढली आणि अंबिकेला बजावलं, "वहिनी, हिला ओली ठेवू नका. रुसते."

अंबिकेनं ते मनावर घेतलं. काम झालं की ती मला पुसायची, खोबरेलाचं बोट फिरवायची आणि पातं भिंतीकडे करून उभी करायची. चाळीत माझा मोठा मान होता. गणपतीत मोदकांचे नारळ खवायला मला दारोदार नेत. पुढे गिरणी बंद पडली, गणपतचा पगार थांबला, तेव्हा अंबिकेनं माझ्यासमोर बसून लोकांचे डबे चालवले. दुधीच्या सालीची चटणी व्हायची, कोबीचा दांडासुद्धा आमटीत जायचा. त्या दिवसांत तिचा धाकटा हितेंद्र समोर फतकल मारून बसायचा आणि खवलेल्या खोबऱ्यासाठी हात पुढे करायचा. त्या हाताला मी कधी लागले नाही. हे मुद्दाम सांगते आहे.

गणपत गेला. चाळ पाडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही सतराव्या मजल्यावर राहायला आलो. स्वयंपाकघरात गुळगुळीत काळा ओटा होता. हितेंद्र आता मोठा साहेब झाला होता. त्यानं मला दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"आई, खाली बसून कोण चिरतं आता? टॉवरमध्ये हे शोभत नाही. भंगारात जाऊ दे."

आणि त्यानं मला फुटक्या स्टोव्हबरोबर गोणीत टाकलं.

"आधी माका घाल त्या गोणीत," अंबिका म्हणाली, "मगे आडाळो घाल."

हितेंद्र हसला. तो कामावर गेल्यावर तिनं मला बाहेर काढलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि आपल्या पलंगाखाली सारलं. तिथे मला गंज चढला. ओट्यावर माझ्या जागी दोरी ओढायचा प्लॅस्टिकचा चॉपर आला. त्याची घर्रघर्र ऐकून मी दात-ओठ खाल्ले असते, पण मला नुसते दातच. दिवसातून चारदा दाराची बेल वाजायची आणि पिशव्या यायच्या. मी अंधारात पडून एकच नाव घोकत होते. तुम्ही ओळखलं असेलच.

एका रविवारी जेवणं झाल्यावर हितेंद्र मोबाईल बघत ओरडला, "आठवड्याचा बाजार एवढा? आपण चार माणसं आहोत की वऱ्हाड?"

"अर्ध्या वस्तू तूच मागवतोस," त्याची बायको अनुजा म्हणाली. "सोललेला लसूण, खवलेलं खोबरं, चिरलेला भोपळा, साफ केलेली सुरमई. आता श्वास तेवढा घरपोच यायचा राहिलाय."

"ते मला सांगू नकोस. मेंटेनन्स बघितलास किती वाढलाय? महिन्याभरात बाजार अर्ध्यावर आण. नाही जमलं तर क्षितिजाची कबड्डी बंद."

"आणि जमलं तर?"

"जमलं तर चालू. शब्द देतो."

क्षितिजा त्यांची मुलगी, वय वर्षं दहा, दोन्ही गुडघ्यांवर कायम खपल्या. परळच्या मंडळात ती रोज संध्याकाळी खेळायला जायची. ती तशीच उठली. रडताना कोणी बघू नये म्हणून थेट आजीच्या पलंगाखाली शिरली. तिथे तिचं कोपर माझ्या पाटावर आपटलं. तिनं लुगड्याचा तुकडा सोडला, नाक ओढलं आणि विचारलं, "आजी, हे काय आहे?"

"हात लाव नको, चेडवा. तो आपलो आडाळो," अंबिका म्हणाली. मग तिनं सुनेला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी चिंचेनं घासून माझा गंज उतरवला. खाली सायकलवर धार लावणारा आला होता, त्याच्याकडे अनुजा स्वतः मला घेऊन गेली. ठिणग्या उडाल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांनी धार लागताना काय वाटतं ते मी तुम्हाला सांगू शकणार नाही.

अनुजा अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, तिचा सगळा जन्म सुरीवर गेलेला. पहिल्या दिवशी ती मला बघून अंग चोरून बसली. मी तिला धक्का लावला नाही. तिच्याशी माझं वैर नव्हतं. अंबिका शेजारी बसून सांगायची, "हात हालव, आडाळो हालता नये." चार दिवसांत तिचा हात बसला.

चॉपरचा काटा मात्र लगेच निघाला. मी काही केलं नाही हो. अंबिकेनंच त्याच्यात सुरणाचा भलामोठा तुकडा कोंबला आणि नातीला म्हणाली, "ओढ बघू जोरान." दोरी तुटून क्षितिजाच्या हातात आली. "अगो बाय, मोडलो!" अंबिका म्हणाली. तोंड तिनं वाईट केलं होतं, पण डोळे दिवाळीसारखे होते.

मग आमचा महिना सुरू झाला. खोबऱ्याची पाकिटं बंद झाली, अख्खे नारळ आले. सुरमईच्या तयार तुकड्यांऐवजी अनुजा लालबागच्या बाजारातून संध्याकाळी उरलेली मांदेली आणायची. ती साफ करायला तास लागतो, म्हणून स्वस्त. एकदा केळफूल आणलं. ते सोलता सोलता सासू-सुनांचे हात काळे झाले आणि क्षितिजा मधे बसून आतली फुलं वेगळी करत राहिली. शिराळ्याच्या शिरांची चटणी झाली. कलिंगड खाऊन झाल्यावर त्याच्या पांढऱ्या सालीची भाजी झाली, आणि ती कसली आहे हे हितेंद्रला शेवटपर्यंत कळलं नाही. तो बोटं चाटून जेवायचा. ती बोटं मी नीट बघून ठेवत होते.

महिना संपला. अनुजानं हिशोब त्याच्यासमोर ठेवला. बाजार अर्ध्यावर आला होता, वर थोडी शिल्लकच.

हितेंद्रनं वाचलं, परत वाचलं, आणि डोकं खाजवत म्हणाला, "एक महिना कोणालाही जमतं गं. अजून तीन महिने टिकव. मग कबड्डीचं बघू."

"तू शब्द दिला होतास."

"मी नाही म्हणालो का? बघू म्हणालो."

क्षितिजानं आपले बूट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि चपलांच्या कपाटात सगळ्यात मागे ठेवले. मी हे सगळं ओट्याखालून बघत होते. माझा अपमान एकवेळ मी पचवला असता. पण जिनं माझा गंज बघून आपलं रडणं थांबवलं, त्या मुलीला दिलेला शब्द त्यानं फिरवला. त्या संध्याकाळी अनुजानं माझ्यावर कांदा चिरला तो असा, की कांद्यालासुद्धा भीती वाटली असेल.

आता भोपळ्याचं ऐका.

आमच्या मजल्यावर कालिंदी नावाची शेजारीण राहते. तिनं कल्पना काढली, "अनुजा, दादरच्या बाजारात सकाळी लवकर गेलं ना, तर अख्खा लाल भोपळा मिळतो. चिरून विकतात त्याच्या मानानं फुकटच म्हण. पाच घरं मिळून घेऊ." रविवारी दोघी गेल्या. भोपळा एवढा मोठा होता की लिफ्टमध्ये त्यानं दोन माणसांची जागा घेतली. पॅसेजमध्ये वर्तमानपत्रं अंथरली, मला मधोमध बसवलं आणि पाच घरच्या बायका पातेली घेऊन गोल बसल्या.

अनुजानं पदर खोचला. एवढ्यात अंबिका दारातून ओरडली, "थांब गो! अख्खो भोपळो बायलमाणसान फोडूचो नसता. पयलो घाव बाप्यान घालूचो."

मित्रांनो, ही आमच्या कोकणातली जुनी रीत आहे. भोपळ्याला घरातल्या थोरल्या मुलासारखं मानतात, म्हणून त्याच्यावर पहिला घाव बाई घालत नाही. पुरुषानं एकदा फोडला की पुढे बायका काय हवं ते चिरतात. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आमचे ड्यूटीवर," एक म्हणाली.

"आमचे गावाला."

"आमचे झोपलेत," कालिंदी म्हणाली, "आणि उठले तरी काही उपयोग नाही."

अनुजा दिवेलागणीला नखं कापणारी बाई. तिचा या रीतीवर काडीचा विश्वास नव्हता. एका झटक्यात तिनं तो भोपळा फोडला असता. पण ती थांबली. तिनं माझ्याकडे बघितलं. मग गोड आवाजात म्हणाली, "आई म्हणतात तर पाळायलाच हवं." आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "अहो! जरा बाहेर येता का?"

ती त्याला अहो म्हणाली की समजावं, काहीतरी शिजतंय.

हितेंद्र अर्ध्या चड्डीत, मोबाईल बघत बाहेर आला. पाच बायका बघून दचकला. काम कळल्यावर म्हणाला, "त्यात काय? सुरी आण." सुरी आणली. ती भोपळ्यात जेमतेम घुसली आणि तिथेच अडकून वाकली.

"भावोजी, खाली बसावं लागेल," कालिंदी म्हणाली. "टॉवरची फरशी आहे, स्वच्छ असते."

तो बसला. ज्यानं मला दोन बोटांनी उचलून गोणीत टाकलं होतं, तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. मित्रांनो, इथे मी थांबले असते तरी माझं अर्धं समाधान झालं असतं. आधी तो उलट्या बाजूनं बसला. मग पाट सरकला. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या.

"पप्पा, पाय! पायानं पाट दाबा!" क्षितिजा ओरडली. "सोडलात तर रेडर पळाला समजा!"

त्यानं पाट दाबला, भोपळा दोन्ही हातांनी धरला आणि माझ्यावर रेटला. भोपळा निसटला. आणि त्याचा अंगठा माझ्या पात्यासमोर आला.

मला हवं असतं तर मी खूप काही करू शकले असते. लोखंड ट्रकचं होतं, धार ताजी होती. पण मी घेतला तो एक चिरा. बारीक, स्वच्छ, बुधाजीला अभिमान वाटावा असा.

"आई गं!" हितेंद्र किंचाळला.

अंबिकेनं त्याचा हात ओढून बघितला. "नखाएवढा लागला हा. बोंबलतंस कित्याक?"

अनुजा हळदीचा डबा घेऊन आली. त्याच्यासमोर बसली. डबा उघडला, चिमूट भरली, आणि हात तसाच वर धरला.

"आधी बोल."

"अगं, रक्त येतंय!"

"दिसतंय मला. सगळ्यांसमोर बोल. कबड्डीचं काय?"

"हे काय आता इथे?"

"भावोजी, लवकर बोला," कालिंदी म्हणाली, "आम्हाला भाजी टाकायचीय."

हितेंद्रनं आईकडे बघितलं. आई भोपळ्याकडे बघत होती. त्यानं क्षितिजाकडे बघितलं, आणि त्याची मान खाली गेली.

"चालू," तो पुटपुटला.

"ऐकू नाय येवक," अंबिका म्हणाली.

"कबड्डी चालू! उद्यापासून चालू."

"आजपासून," क्षितिजा म्हणाली. "आज संध्याकाळी मॅच आहे."

"आजपासून," तो म्हणाला.

तेव्हा कुठे अनुजानं त्याच्या अंगठ्यावर हळद दाबली. तिनं फुंकरसुद्धा घातली, एवढं खरं. मग तो पुन्हा बसला, या वेळी नीट, पाय घट्ट रोवून. भोपळा मधोमध फुटला, आतून शेंदरी, बियांनी भरलेला. पाच घरांची पाच पातेली भरली. त्या दिवशी संध्याकाळी टॉवरच्या सतराव्या मजल्यावर भोपळ्याच्या भाजीचा वास होता आणि आमच्या घरात कोणी नव्हतं. सगळे परळला मॅच बघायला गेले होते. हितेंद्रसुद्धा, अंगठ्याला चिंधी बांधून.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कुठेतरी सांदीत पडलेली असेल. मोठ्या माणसांना तिला बाहेर काढायला सांगा. तिचा गंज चिंचेनं घासा, तिला कोरडं पुसा, तेलाचं बोट फिरवा. ती तुमच्या घरचा बाजारही खाली आणेल आणि वाया जाणाऱ्या सालीलाही चव देईल. आणि तिला अडगळीत ज्यानं टाकलं, त्याला मात्र आधी तिची माफी मागू दे. जरा लांबूनच. हात पाठीमागे बांधून.