टाकलेल्या पानांची चळत

रूडी वॉइचिक पत्त्यांच्या बाबतीत सख्ख्या आईचाही नव्हता. एकदा ऐन डावात ड्वेन हॉफरला शिंक आली आणि हातातलं पान सुटून टेबलावर पडलं, तर हा गृहस्थ म्हणतो, पडलं म्हणजे खेळलं. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी होणाऱ्या सासऱ्याला त्याने एक खेळी मागे घेऊ दिली नाही. सासऱ्याने ते मरेपर्यंत बोलून दाखवलं, आणि रूडीला त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. पान टाकलं की टाकलं, हे त्याचं ब्रीद. मिलवॉकीपासून इंडियानापोलिसपर्यंत जुनी पानं खेळणाऱ्या यच्चयावत मंडळींना ते पाठ होतं.

ड्वेनला खेळांच्या यंदाच्या मेळाव्यात तोच रूडी हवा होता. अगदी तसाच, उलट्या काळजाचा.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी ड्वेनच्या मेंदूचे फोटो पडद्यावर लावून त्याला आणि त्याच्या बायकोला, लोरेनला, समजावून सांगितलं. विसरणं वाढत जाईल, किती वेगाने ते सांगता येत नाही. शिवाय एखादी आठवण पक्की वाटली म्हणून ती खरीच असेल असं यापुढे धरून चालू नका, असंही त्या म्हणाल्या. लोरेन बिचारी गाडीत बसल्यावर रडली. ड्वेनने गाडी सुरू केली आणि मागच्या चाकात हवा कमी दिसतेय, एवढंच म्हणाला. दाढ काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं त्याला त्या दिवसापासून सगळंच झालं होतं. जेवण जेवण वाटत नव्हतं, अंगणातलं गवत कापलं काय आणि न कापलं काय. जन्मभर शाळांचे बॉयलर सांभाळलेला माणूस. निवृत्त होताना निरोप समारंभात मुलांनी गाणं म्हटलं, तेव्हाही तो भिंतीवरचं घड्याळ बघत उभा राहिला.

लोरेनला त्याने एकच गोष्ट बजावली होती. ऑगस्टमधला मेळावा होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. तिने कारण विचारलं. सगळ्यांना कळलं की सगळे सांभाळून घेणार, तो म्हणाला, आणि एकदा सांभाळून घ्यायला लागले की खेळ संपला. त्याला रूडीबरोबर एक खराखुरा डाव हवा होता, बस्स. हरला तरी चालेल. रूडीने पूर्ण जोर लावून त्याला चिरडलं असतं, तर चिरडण्याइतका माणूस अजून शिल्लक आहे एवढं तरी कळलं असतं.

मेळाव्याचं दालन म्हणजे एक गावच. नव्या खेळांची टेबलं मध्यावर, दिव्यांच्या झगमगाटात, आणि भोवती कमरेला रबरी तलवारी लावून फिरणारी पोरं. 'रॅम्पार्ट' हा किल्ले पाडण्याचा जुना पत्त्यांचा खेळ; तो खेळणाऱ्यांना दरवर्षी कोपरा मिळायचा तो शौचालयांच्या वाटेवर. तिथून जाणारा प्रत्येक जण दोन मिनिटं थांबून या म्हाताऱ्यांकडे बघायचा आणि पुढे जायचा. बघेनात का! रॅम्पार्ट काढणारी कंपनी कधीच बुडाली होती. पहिल्या दोन वर्षांत छापलेली पानं तेवढी चालतात, नंतरची चालत नाहीत, हा यांचा नियम. आणि दुसरा नियम त्याहून जुना, जो बाकी सगळ्या खेळांनी केव्हाच सोडून दिला. डाव सुरू होण्याआधी दोघांनी आपापल्या जोडातलं वरचं पान उलटायचं आणि बाजूला ठेवायचं. ते पणाला लागलं. जिंकेल त्याने दोन्ही न्यायची, रडायचं नाही.

सकाळचे डाव बरे गेले म्हणायचे. पहिल्यात आयोवाचा एक चष्मेवाला होता. त्याच्यासमोर ड्वेन ड्रेकला खुराक द्यायला विसरला. ड्रेक हे रॅम्पार्टमधलं सगळ्यात दांडगं जनावर, पण प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला त्याला एक पान खाऊ घालावं लागतं, नाहीतर ते धन्यावरच उलटतं. चष्मेवाल्याने ड्रेककडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, ड्वेनने खुराक दिला. असं चालतं. या मंडळींत एकमेकांना आठवण करून देणं वाईट समजत नाहीत, अपवाद एकट्या रूडीचा. तो डाव ड्वेन हरला, पुढचे दोन जिंकला. जिंकल्यावर त्याला काही वाटलं नाही, हरल्यावरही वाटलं नव्हतं.

दुपारी रूडी दोघांसाठी सँडविच घेऊन आला. पावाच्या चारी बाजूंनी बाहेर आलेला डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा, इथे इंडियानापोलिसला खातात तसा. स्वतःहून आणलं, हेच मुळात नवल. एरवी ड्वेनने जरा हळू चावलं तरी "कवळी घरी विसरलास का रे म्हाताऱ्या?" असं म्हणणारा माणूस. आज शेजारी बसून त्याने विचारलं, "कसा आहेस?" इतक्या वर्षांत रूडीने कोणाला कसा आहेस म्हणून विचारलेलं कोणी ऐकलं नव्हतं. ड्वेन म्हणाला, बरा आहे, आणि मोहरीच्या चटणीची पुडी फोडत बसला. त्याच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण त्या दिवसांत त्याच्या मनात काहीच चुकचुकत नव्हतं.

चौथ्या फेरीत दोघांची गाठ पडली. पंच बाईंनी नावं वाचली तेव्हा आजूबाजूचे दोघे-चौघे खुर्च्या ओढून बघायला आले, कारण रूडी आणि ड्वेन म्हणजे या कोपऱ्यातली कुस्तीच. पानं पिसली, वरची उलटली. ड्वेनचं एक किरकोळ बंदर निघालं, रूडीचा चांगला जुना घोडेस्वार. रूडीने पडल्या चेहऱ्याने घोडेस्वार बाजूला सारला. शिवी दिली नाही.

डाव रंगला मात्र चांगला. ड्वेनने दोन भालेवाले उतरवले, रूडीने एकेक मशाल टाकून दोघांना जाळलं. ड्वेनने मग ड्रेक उतरवला, आणि या खेपेला प्रत्येक पाळीला न विसरता खुराक दिला. ड्रेकने रूडीचा तट ढासळवत आणला, इतका की अजून एक हल्ला झाला असता तर किल्ला खलास. तेवढ्यात ड्वेनच्या हाती टेहळ्या आला. टेहळ्या टाकला की समोरच्याने हातातली पानं टेबलावर उघडी करून दाखवायची. रूडीने दाखवली. दोनच होती. एक शेत आणि दुसरा वणवा.

वणवा म्हणजे सगळ्याचा निकाल. टेबलावरची सगळी सेना, जनावरं, सगळं एका फटक्यात राख. जोडात तो एकच ठेवायची मुभा आहे, आणि तो पेटवायला टेबलावर सहा शेतं मांडलेली लागतात. रूडीकडे पाच होती आणि सहावं हातात. म्हणजे झालंच. पुढच्या पाळीला रूडी शेत मांडणार, वणवा पेटवणार, ड्रेक जळणार, आणि मग सवडीने ड्वेनला कुटून काढणार. ड्वेनने पुढचा सगळा डाव नीट डोळ्यांपुढे आणला. त्याला बरं वाटलं. मार्चपासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हरण्याबद्दल वाटलं, याचं त्यालाच हसू आलं.

रूडीने पान उचललं. शेत मांडलं. सहा शेतं झाली. हातातल्या दोन पानांकडे तो बराच वेळ बघत राहिला, नाक खाजवलं, आणि म्हणाला, "माझं झालं. तू खेळ."

ड्वेन बघतच राहिला. डावपेच म्हणावा, तर पुढच्या पाळीला किल्ला पडणार, वणवा जपून ठेवायला पुढे काही उरतच नव्हतं. विसरला म्हणावं, तर रूडी पान विसरणं शक्य नाही. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, सँडविचसकट सगळं. लोरेनने रूडीला फोन करून सगळं सांगितलं होतं. तिचा राग यावा असं त्याला फार वाटलं, पण राग येईना. एकटीने किती दिवस पोटात ठेवायचं तिने तरी.

रूडीने हिशेब मांडला होता, तो असा. ड्वेनने वणवा पाहिला खरा, पण एवढ्यात तो विसरला असणार. आपण टाकला नाही तरी त्याला कळणार नाही, गडी जिंकून खुशीत घरी जाईल.

"रूडी," ड्वेन हळू म्हणाला, "वणवा आहे तुझ्या हातात."

रूडीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कुठला? तो मघाशीच गेला."

"नाही गेला. आत्ता दाखवलास मला."

"ते मागच्या डावात असेल तुझ्या," रूडी म्हणाला. "तुझे भालेवाले कशाने जळले मग? वणव्यानेच की. विसरलास तू."

विसरलास. बघणाऱ्यांपैकी एक जण उगाच आपल्या बुटाची नाडी बांधायला लागला. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं तर.

ड्वेनला त्या क्षणी भीती वाटली. खरीखुरी भीती. भालेवाले मशालीने जळाले होते, त्याला स्वच्छ आठवत होतं. पण गाडीची किल्ली खुंटीला लावल्याचंही त्याला असंच स्वच्छ आठवलं होतं, आणि ती सापडली पिठाच्या डब्यात. वणव्याचं चित्र डोळ्यांपुढे होतं, नारिंगी आभाळ आणि पळणारी हरणं. पण ते आत्ताचं, की वीस वर्षांपूर्वीचं? ते चित्र त्याने जन्मभर पाहिलेलं होतं.

टाकलेल्या पानांची चळत रूडीच्या उजव्या हाताशी होती. ती कोणीही, केव्हाही चाळावी, हा खेळाचा नियमच आहे. त्याला पंचाला विचारावं लागत नाही की समोरच्याला. ड्वेनने हात पुढे केला. रूडीला नाही म्हणता येईना. त्याने फक्त हातातली दोन पानं छातीशी धरली.

ड्वेनने एकेक पान बाजूला करत चळत पाहिली. दोन मशाली होत्या. एक पडका बुरूज, धनुर्धारी, खंदक, वैद्य. वणवा नव्हता. त्याने पुन्हा पहिल्यापासून पाहिली. वणवा नव्हता. म्हणजे त्याचंच खरं होतं. त्याचं डोकं निदान आत्ता, या टेबलावर तरी शाबूत होतं, आणि तसं सिद्ध करायला आता फक्त "दाखव कुठे आहे" एवढं म्हणायचं बाकी होतं.

त्याने वर पाहिलं. रूडी टेबलाकडे बघत होता. हा माणूस पत्त्यांत कधी खोटं बोलला नव्हता. स्वतःच्या फायद्यासाठी नाही, बायकोसाठी नाही, सासऱ्यासाठी तर नाहीच नाही. आज बोलला, चार माणसांदेखत, आणि इतकं कच्चं बोलला की शाळेतल्या पोराने पकडलं असतं.

ड्वेनने चळत नीट एकसारखी केली आणि जागेवर ठेवली.

"आहे रे," तो म्हणाला. "खाली दबला होता. माझंच चुकलं."

रूडीची मान झटक्यात वर आली. वणवा त्याच्या हातात होता, अंगठ्याखाली. त्याने वणव्याकडे पाहिलं, मग चळतीकडे, मग ड्वेनच्या तोंडाकडे. ड्वेनने रूडीचं खोटं ओळखून पोटात घातलं, की गड्याला खरोखरच नसलेलं पान दिसलं? त्या तोंडावर शोधून सापडेल असं काही नव्हतं, मार्चपासून ते तसंच होतं.

"नीट पाहिलंस?" रूडीने विचारलं.

"दोनदा पाहिलं."

"ड्वेन. खरं सांग मला. दिसला तुला तो?"

उत्तर सोपं होतं. ते दिलं असतं तर रूडी सुटला असता, आणि ड्वेनला त्याला सोडवायचं नव्हतं असंही नाही. पण मला विसरलास म्हणालास ना, आता खरं काय ते न कळता जरा तूही बस, एवढी खुन्नस त्याच्यात अजून होती. आणि ती आहे हे बघून त्याला बरंच वाटलं.

"पाळी माझी ना?" त्याने विचारलं.

रूडीने दोन्ही पानं टेबलावर उपडी ठेवली आणि तळहातांनी तोंड झाकून घेतलं.